प्रश्न तुमचे : धुकं, जिना आणि गजराचं घड्याळ

१९३०च्या दशकातला फ्रेंच ‘काव्यात्म वास्तववाद’ आणि तिथून टीव्ही मालिकांपर्यंत आलेली वाट, या विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी आखूड केली आहेत.

‘काव्यात्म’ आणि ‘वास्तव’ हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध नाहीत का? हे नाव दिलं कोणी, आणि त्यात नेमकं मोडतं काय?
— एक वाचक, लालबाग

काव्य म्हणजे वरून घातलेले दागिने असं धरलं तर विरुद्धच वाटतील. या सिनेमात दागिने नाहीत. हे नाव साहित्याच्या समीक्षेतून आलं. सिनेमाला ते लावलं मिशेल गोरेल या समीक्षकाने १९३३ साली, प्येर शनालच्या ‘ला र्‍यू सां नों’ (निनावी गल्ली) या चित्रपटाबद्दल लिहिताना. पुढे सात-आठ वर्षांत त्या नावाखाली बरीच माणसं आली: ज्याँ व्हिगो, जाक फेदेर, ज्यूलियँ द्युव्हिव्हिए, काही चित्रपटांपुरता ज्याँ रेन्वार, आणि सगळ्यात ठळक जोडी म्हणजे दिग्दर्शक मार्सेल कार्ने आणि पटकथा-संवाद लिहिणारा कवी जाक प्रेव्हेर.

यातली माणसं म्हणजे कारखान्यातला कामगार, पलटणीतून पळालेला शिपाई, इंजिन ड्रायव्हर, मालवाहू होडीवरचं जोडपं. जागा म्हणजे बंदर, कालवा, स्वस्त लॉज, चार मजले चढून जायची खोली. हे झालं वास्तव. काव्य येतं ते त्याच खोलीतल्या वस्तूंतून.

कार्नेचा ‘ल जूर स लेव्ह’ (१९३९, ‘उजाडतंय’) घ्या. ज्याँ गाबँचा फ्रांस्वा एका माणसाला गोळी घालून आपल्या खोलीत कोंडून घेतो. खाली पोलीस आहेत. त्याच्याकडे सिगारेटी आहेत, पण काडी नाही. म्हणून तो रात्रभर एका सिगारेटवर दुसरी पेटवत राहतो, आणि विचारात हरवतो तेव्हा हातातली विझून जाते. आता पुढची पेटणार नाही. यावर एक शब्दही बोललेला नाही, कॅमेरा त्याकडे बोट दाखवत नाही. पण ती विझलेली सिगारेट पाहताना या माणसाची रात्र संपत आली हे आपल्या पोटात कळतं. सिगारेट सिगारेटच राहते आणि तरी जास्त काही सांगते. दोन्ही शब्द एकत्र का नांदतात, ते इथे दिसतं.

आमच्या फिल्म सोसायटीत ‘ल जूर स लेव्ह’ दाखवला. तरुण सभासद म्हणाले, “आधी खून, मग मागे जाऊन कारण, हे तर प्रत्येक वेब सिरीजमध्ये असतं.” हे इथूनच सुरू झालं का? आणि इथे ते इतकं घट्ट का वाटतं?
— एक सभासद, दादर

सुरुवात इथून नाही. फ्लॅशबॅक त्याआधीही होते. पण संपूर्ण चित्रपट एका खोलीत, एका रात्रीत अडकवून तिथून तीनदा मागे जायचं, ही शिस्त तेव्हा प्रेक्षकाला इतकी नवी होती की चित्रपटाच्या आरंभी पाटी लावावी लागली: एका माणसाने खून केला आहे, तो खोलीत वेढला गेला आहे आणि आपण खुनी कसे झालो ते आठवतो आहे, अशा अर्थाची. आज मालिकांमध्ये ‘सहा महिन्यांपूर्वी’ अशी अक्षरं येतात, ती याच पाटीची नातवंडं.

घट्टपणाची कारणं मात्र मोजून सांगता येतात. पहिलं म्हणजे प्रत्येक परतीला खोली बदललेली असते. आधी दाराला कपाट लावलेलं नाही, मग लागतं. खिडकीच्या काचा शाबूत, मग फुटलेल्या. खालची गर्दी वाढते. म्हणजे वर्तमानाची गोष्टही पुढे सरकत राहते. आपल्याकडच्या बऱ्याच मालिकांत वर्तमानातला माणूस चौकशीच्या खुर्चीत आठ भाग तसाच बसून असतो, फक्त आठवतो. त्यामुळे प्रेक्षकाला वर्तमानात परत यावंसंच वाटत नाही.

दुसरं, आठवण वस्तूला धरून येते. फ्रांस्वाज या मुलीचं टेडी अस्वल, आणि ती ब्रोच. व्हॅलेंटीन हा कुत्र्यांचे खेळ करणारा माणूस तशीच ब्रोच आपल्या प्रत्येक बाईला देतो. ब्रोच प्रथम दिसते तेव्हा तो प्रेमाचा दागिना असतो. तशीच दुसरी व्हॅलेंटीनच्या जुन्या साथीदारणीकडे, क्लाराकडे, आहे हे कळतं, तेव्हा तोच फसवणुकीचा पुरावा होतो. वस्तू तीच, आणि तिचा अर्थ बदलायला संवाद जवळजवळ लागत नाहीत.

तुमच्या सभासदांपैकी कोणी लिहीत असेल तर एक कसरत सुचवतो. भागाचा आराखडा करण्याआधी वर्तमानातल्या जागेतल्या पाच वस्तू लिहून काढायच्या आणि प्रत्येकीपुढे तिची सुरुवातीची आणि शेवटची अवस्था लिहायची. ज्या वस्तूची अवस्था बदलत नाही ती आठवणीचं दार होऊ शकत नाही. ती काढून टाकावी. चूक बहुतेक इथे होते की लेखक प्रसंग आधी ठरवतो आणि वस्तू नंतर कला विभागाकडून मागवतो. मग फोटोफ्रेम येते. आपल्या मालिकांतल्या आठवणी फोटोफ्रेमवरच का सुरू होतात, त्याचं कारण हे.

जाता जाता: या चित्रपटाचा हॉलिवूडमध्ये ‘द लाँग नाइट’ (१९४७) म्हणून पुनर्निर्माण झालं, तेव्हा हक्क घेणाऱ्या आरकेओ कंपनीने मूळ चित्रपटाच्या प्रती गोळा करून नष्ट करायचा घाट घातला होता. तुम्हाला तो दाखवता आला यामागे कुणाकुणाची जपणूक आहे, हे सभासदांना जरूर सांगा.

मी दैनंदिन मालिकेत सहायक दिग्दर्शक आहे. तीन कॅमेरे, दिवसाला एक भाग. दिग्दर्शकांना तो फ्रेंच प्रकाश हवा असतो, पण लाइट करायला वेळच नसतो. काही करता येईल का?
— एक वाचक, गोरेगाव

येईल, आणि यात तुमच्या बाजूने खुद्द रेन्वार उभा आहे. १९५९ साली त्याने ‘ल तेस्तामां द्यू दोक्तर कोर्देलिए’ फ्रेंच टेलिव्हिजनसाठी केला, तो एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून, आधी नाटकासारख्या तालमी करून आणि थोड्या दिवसांत. शॉट तोडू नये, नटाला प्रसंग सलग करू द्यावा, असं त्याला वाटत होतं. म्हणजे बहुकॅमेरा पद्धत मुळातच वाईट असं काही नाही.

सपाटपणा कुठून येतो? तिन्ही कॅमेरे तीन बाजूंना असतात, कुठल्याही बाजूने चेहरा ‘काळा’ जाऊ नये म्हणून वरून आणि चारी बाजूंनी सारखा प्रकाश ओततात, आणि सावली संपते. उपाय असा. सेटवर प्रकाशाची एकच बाजू ठरवा. खिडकी, नाहीतर बाल्कनीचं दार. तिन्ही कॅमेरे नटांच्या नजरेच्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, आणि ती बाजू प्रकाशाच्या समोरची, म्हणजे सावलीची असू द्या. मग चेहऱ्याची कॅमेऱ्याकडची बाजू आपोआप थोडी अंधारी राहते आणि नाक, गाल, हनुवटीला आकार येतो. भरणीचा प्रकाश (सावली थोडी उजळणारा) मुख्य प्रकाशापेक्षा दोन स्टॉप कमी ठेवा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. तीन स्टॉपवर गेलात तर छान दिसेल, पण दैनंदिन मालिकेत कुणी खुणेवरून जरा हललं की डोळे गायब होतील.

दुसरं म्हणजे कायमच्या सेटवर सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्र अशा चार मांडण्या एकदाच करून घ्या. कुठला लाइट किती टक्क्यांवर, कुठला कटर (प्रकाश अडवणारा पडदा) कुठे, हे दिव्यांवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. त्यात एक दिवस जातो. तो दिवस निर्मात्याकडून मागून घ्यायचा, कारण पुढे रोज अर्धा-पाऊण तास वाचतो.

यात बिघडतं ते अंधाराच्या मोहात. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरची मालिका ‘बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ’ (१९८०, तेरा भाग आणि एक उपसंहार) जर्मन टीव्हीवर आली तेव्हा प्रेक्षकांची मोठी तक्रार हीच होती की घरच्या संचावर काही दिसतच नाही. थिएटरात अंधार असतो, घरात ट्यूबलाइट चालू असते आणि समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं. तेव्हा रात्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये एक तरी खरोखर उजळ बिंदू ठेवा: देवघरातली समई, फ्रीजचं उघडलेलं दार, जिन्यावरचा बल्ब. तो बिंदू असला की बाकीचा अंधार हा ‘अंधार’ वाटतो. नसला की संच बिघडल्यासारखं वाटतं. आणि एडिट झालेला भाग ग्रेडिंगच्या (रंग-उजेड जुळवायच्या) काळ्या खोलीत पास करू नका. साध्या ३२ इंची टीव्हीवर, दिवे लावून, एकदा बघा.

आम्ही पाचजण मिळून लघुपट करतोय. जुन्या चाळीचा लाकडी जिना, रात्र, एक बल्ब आणि धूसर हवा. ‘ल के दे ब्र्यूम’ पाहिल्यापासून ते धुकं डोक्यात बसलंय. आमच्याकडे साधा कॅमेरा, दोन एलईडी लाइट आणि भाड्याने आणता येईल असं स्मोक मशीन आहे. कसं करावं?
— एक वाचक, डोंबिवली

आधी कार्नेच्या त्या चित्रपटाबद्दल एक गोष्ट. ‘ल के दे ब्र्यूम’ (१९३८) म्हणजे ‘धुक्यांचा धक्का’. आपण भाऊचा धक्का म्हणतो तोच शब्द. ल हाव्र बंदरातलं ते धुकं युजेन शुफ्तान या छायालेखकाने मागून उजळलं होतं, त्यामुळे माणसं कडांनी उठून दिसतात. समोरून प्रकाश टाकला असता तर नुसता पांढरा पडदा झाला असता. तुमच्या कामाची अर्धी किल्ली यातच आहे.

मशीन. धुराची मशीनं दोन प्रकारची मिळतात. स्मोक मशीन दाट लोट सोडतं. ते लग्नाच्या स्टेजला ठीक. तुम्हाला हवं हेझर, जे बारीक, एकसारखा धूसरपणा पसरवतं. भाड्याने घेताना मालकासमोर चालू करून बघा. स्मोक मशीनच मिळालं तर ते जिन्याच्या तळाशी ठेवून, सोडून, बंद करून, पुठ्ठ्याने वारा घालत लोट मोडा आणि तो पूर्ण पसरेपर्यंत थांबा. धूर फिरताना दिसतोय तोवर शॉट घेऊ नका. फिरणारा धूर म्हणजे आग. स्थिर धूर म्हणजे हवा.

चाळीत धूर टिकत नाही याचं कारण गॅलरी एका बाजूने उघडी असते. मुंबईत दुपारपासून समुद्राकडून वारा येतो, उशिरा रात्री तो पडतो. म्हणून अकरानंतरची वेळ धरा आणि गॅलरीच्या उघड्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळं कापड किंवा ताडपत्री बांधा. जिन्याचा वरचा तोंडाचा भाग झाकायला विसरतात; चिमणीसारखा सगळा धूर तिथून जातो. घरांतले पंखे पंधरा मिनिटं बंद ठेवायला सांगा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी सलगतेची. पहिल्या टेकला धूर दाट, चौथ्याला विरळ, आणि एडिटिंगला बसल्यावर कळतं की दोन शॉट जुळतच नाहीत. यावर साधा उपाय: जिन्याच्या एका ठरलेल्या पायरीवर टॉर्च ठेवा, प्रत्येक टेकआधी तो लावून झोत मॉनिटरवर कितपत दिसतो ते पहिल्या टेकच्या फोटोशी ताडून बघा. मग टॉर्च उचलून शॉट घ्या.

उदबत्ती, धूप, ओला पेंढा असलं काही जाळू नका. नटांचे डोळे चुरचुरतात, लाकडी जिन्याला धोका, आणि चाळीत दमेकरी माणूस असतोच. मशीनच्या द्रवाचाही पायऱ्यांवर निसरडा थर बसतो, तेव्हा दर दोन-तीन टेकनंतर ओल्या फडक्याने पुसा. आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत सांगून या.

बल्ब. ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश एक मीटरवर साधारण ६० लक्स पडतो. आयएसओ ८००, एफ २ आणि १/५० शटरला चेहरा नीट उजळायला जवळपास तेवढाच लागतो. दोन मीटरवर तो पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. तेव्हा नटाची महत्त्वाची वाक्यं बल्बपासून मीटरभर अंतरावर येतील अशी त्याची चाल बसवा. दूर गेला की तो काळोखात जाऊ द्या, तेच तर तुम्हाला हवंय. बल्ब स्वतः फ्रेममध्ये असेल तर तो पांढरा फटक पडेल. कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या काचेवर ट्रेसिंग पेपर लावून तो दबवा (एलईडी बल्ब असेल तरच; पिवळ्या बल्बवर कागद जळतो, तिथे उष्णता सोसणारी जेल लावावी). चेहऱ्याला खरा प्रकाश एका एलईडीने, बल्बच्याच दिशेकडून, फ्रेमबाहेरून द्या. रंग बल्बशी जुळवा, २७०० केल्विनच्या आसपास. दुसरी एलईडी जिन्याच्या वरच्या वळणामागे लपवा, कॅमेऱ्याकडे तोंड करून, पण थेट भिंगात न येईल अशी. धूर दिसेल तो या दुसरीमुळे. हिलाच लोक विसरतात आणि मग धूर कमी पडला म्हणून मशीन आणखी सोडतात.

लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बल्ब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलंत तर त्रास नाही. २४ फ्रेमवर काढायचं असेल तर शटरचा कोन १७२.८ अंश करा. वेळ तोच १/५० येतो. स्वस्त एलईडी बल्ब घरगुती डिमरवर लावला की आडवे पट्टे वाहताना दिसतात. शटर बदलूनही ते जात नाहीत. तिथे डिमर काढा आणि कमी वॅटचा बल्ब लावा. मोबाइलवर काढत असाल तर एक्सपोजर आणि रंग दोन्ही लॉक करा, नाहीतर नट बल्बजवळ आला की सगळी फ्रेम आपोआप अंधारेल.

वीज कुणा एकाच्या खोलीतून घेताय तर जुनं वायरिंग बघून घ्या. एक हजार वॅटचा लाइट २३० व्होल्टला चार ॲम्पिअरहून जास्त ओढतो. जोडीला कुणाचा गीझर लागला की फ्यूज उडालाच म्हणून समजा. तुमच्या दोन एलईडी त्या मानाने बिनघोर.

आणि शेवटी फाइल. धूर आणि काळोख यांचा हळूहळू उतरणारा करडा रंग ऑनलाइन चढवताना तुटतो, पट्टे पडतात. कॅमेऱ्यात १०-बिटची सोय असेल तर ती वापरा, आणि फायनल करताना अगदी बारीक ग्रेन (फिल्मसारखा दाणेदारपणा) घाला. ग्रेन पट्ट्यांच्या कडा मोडतो.

आमची गिरगावातली चाळ आता पाडणार आहेत. या फ्रेंच चित्रपटांतले जिने आणि चौक पाहताना सतत तीच आठवते. हे साम्य खरं की मनाचे खेळ? आपल्याकडे असं कुणी केलं का?
— एक वाचक, गिरगाव

साम्य खरं आहे, आणि ते रचनेत आहे. रेन्वार आणि प्रेव्हेरचा ‘ल क्रीम द मस्य लांज’ (१९३६) पाहा. एक चौक, भोवती छापखाना, लाँड्री, पहारेकरीण, वर राहणारी माणसं. छापखान्याचा लबाड मालक पळून जातो आणि कामगार सहकारी तत्त्वावर तो चालवतात. मालक परत येतो तेव्हा छापखान्यातला लांज त्याला मारायला खाली उतरतो, आणि कॅमेरा त्याच्यामागे न जाता उलट दिशेने चौकाला वळसा घालून त्याच्यापाशी पोचतो. गोळी एक माणूस झाडतो, पण त्याआधी अख्खा चौक आपल्या डोळ्यांखालून गेलेला असतो. मधला चौक असलेल्या चाळीत वाढलेल्याला हा शॉट समजावून सांगावा लागत नाही.

‘ल जूर स लेव्ह’ची इमारत मात्र खरी नव्हती. अलेक्सांद्र त्रोनेर या बुडापेस्टहून आलेल्या कलादिग्दर्शकाने ती स्टुडिओत उभी केली. निर्मात्याला ती ठेंगणी हवी होती, त्रोनेर उंचीवर अडून बसला. कारण फ्रांस्वा एकटा आहे हे खालच्या गर्दीतून वर पाहतानाच कळायला हवं होतं. ‘ओतेल द्यू नोर’साठी (१९३८) त्याने पॅरिसमधल्या सँ-मार्तँ कालव्याचा काठ, पूल आणि पाण्यासकट, नव्याने बांधला. पुढे हॉलिवूडमध्ये ‘द अपार्टमेंट’च्या (१९६०) कचेरीत त्याने मागची टेबलं लहान-लहान करत नेऊन अंतहीन रांग भासवली आणि त्याला ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे त्याच १९३९ साली पुण्यात प्रभातने ‘माणूस’ केला, हिंदीत ‘आदमी’. व्ही. शांतारामांचा पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना. शहराची रात्र, गल्ली, समाजाने आधीच ठरवून टाकलेलं नशीब, मैनेच्या हातून घडलेला खून, हे सगळं फ्रेंच चित्रपटांच्या इतकं जवळ आहे की थक्क व्हायला होतं. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं मुळीच नाही. फरक शेवटात आहे. फ्रांस्वा पहाटे स्वतःला गोळी घालतो, अश्रुधूर खोलीत पसरतो आणि त्याला कामावर उठवणारं गजराचं घड्याळ वाजू लागतं. गणपत मात्र जगतो. आमच्या मते मराठी मालिकालेखकांनी हे दोन चित्रपट एकामागोमाग पाहावेत. दोन्हीकडे पेच सारखाच, आणि निवाडा वेगळा.

टीव्हीवर चौकाची ही रचना फार चांगली रुजली, कारण एकाच जागेकडे दर आठवड्याला परत येणं हे टीव्हीचं बळ. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांचं दूरदर्शनवरचं ‘नुक्कड’ (१९८६) मुंबईच्या एका नाक्यावर उभं होतं. पोलिश टीव्हीसाठी दिग्दर्शक किश्लोव्हस्कीने केलेली मालिका ‘डेकलॉग’ वॉर्सातल्या एका गृहसंकुलात घडते. एका भागातला नायक दुसऱ्या भागात लिफ्टमध्ये ओझरता दिसतो. बहुतेक भागांत एक अबोल माणूस नुसता पाहत उभा असतो. कार्नेच्या ‘ले पोर्त द ला न्यूई’त (१९४६) स्वतःला नियती म्हणवणारा एक भटक्या आहे, त्याच्याशी या अबोल माणसाचं नातं लावायचा मोह आम्हाला आवरत नाही, पण ते आमचं वाचन आहे.

तुमच्या चाळीचं म्हणाल तर पाडण्याआधी ती मोजून ठेवा. पायरीची उंची आणि रुंदी, कठड्याच्या गजांमधलं अंतर, गॅलरीची रुंदी, दाराच्या चौकटी, नळकोंडाळ्याचा ओटा. फोटो काढताना प्रत्येकात एक मीटरपट्टी धरा. दिवसातून तीनदा, एकाच जागी उभं राहून, ऊन कुठवर येतं त्याचे फोटो घ्या. माणसं पोज देऊन उभी असलेले फोटो घरोघर आहेत, सेट उभारणाऱ्याला त्यांतून काही मिळत नाही. चाळीचा सेट खोटा वाटतो तो बहुधा पायऱ्यांमुळे: नवीन सुतार त्या आजच्या मापाने करतो, आणि नट चढताना त्याच्या गुडघ्यातून ते कळतं.

नायक मेलाच पाहिजे का? मालिका तर चालू राहायला हवी.
— एक लेखिका, ठाणे

मेलाच पाहिजे असं नाही. त्याला बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे आणि ती त्याच्यासाठी नसली पाहिजे. ‘पेपे ल मोको’त (१९३७) अल्जियर्सची कास्बा, म्हणजे जुन्या गल्ल्यांची वस्ती, फरारी गुन्हेगार पेपेला पोलिसांपासून वाचवते आणि तीच त्याचा तुरुंग होते. शेवटी तो बंदराच्या बंद गजांना धरून उभा आहे आणि त्याची बाई असलेलं जहाज निघून चाललंय. ‘जी जागा वाचवते तीच अडकवते’ हा पेच शंभर भाग पुरतो. सासर, गिरणीची खोली, पोलीस ठाणं, पक्षाचं कार्यालय, कुठेही बसवा. अमेरिकन ‘द वायर’मध्ये (२००२–०८) हेच काम संस्था करतात. माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते.

टीव्हीने शोधलेला दुसरा मार्ग म्हणजे साक्षीदार. दर भागात नवा दुर्दैवी माणूस, आणि त्याला समजून घेणारा एकच माणूस कायमचा. गाबँने पन्नाशीत कादंबरीकार सिमेनॉनचा इन्स्पेक्टर मेग्रे पडद्यावर तीनदा केला, आणि फ्रेंच टीव्हीवर आधी ज्याँ रिशार (१९६७–९०) आणि मग ब्रुनो क्रेमेर (१९९१–२००५) यांनी तो चालवला. पाऊस, कोपऱ्यावरचं बिस्त्रो (छोटी खाणावळ), जिना, पहारेकरीण, सगळं तसंच, फक्त आता आपण आरोपीच्या खोलीत नसून दाराबाहेर उभे आहोत. तुमच्या मालिकेला हा साक्षीदार द्या. तो पोलीसच हवा असं नाही, पोस्टमन किंवा नर्सही चालेल. मात्र त्याला उपदेश करू देऊ नका. मेग्रे ऐकून घेतो, म्हणून तो टिकतो.

या चित्रपटांत पार्श्वसंगीत इतकं कमी का?
— एक वाचक, विलेपार्ले

कारण संगीतकार मोरिस झोबेर. व्हिगोचा ‘लातालांत’, कार्नेचे ‘ल के दे ब्र्यूम’, ‘ल जूर स लेव्ह’ तिन्हींचं संगीत त्याचं. पडद्यावर जे दिसतंय तेच वाद्यांनी पुन्हा सांगू नये, असं तो मानत असे. ‘ल जूर स लेव्ह’च्या वेढ्यात एक ठोका पुन्हा पुन्हा येतो, छातीत धडधडल्यासारखा, आणि बराच वेळ काहीच नसतं. १९४० साली तो युद्धात मारला गेला. मालिकेत करून पाहायचं असेल तर एका भागात संगीत फक्त तीन ठिकाणी ठेवा आणि उरलेल्या वेळात कुकरची शिट्टी, लोकल, नळ असे जागेचे आवाज नीट ध्वनिमुद्रित करून लावा. आवाज सेटवरच घ्यायला हवेत. लायब्ररीतली लोकल मुंबईची वाटत नाही.

सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करावी?
— एक विद्यार्थी, कल्याण

‘लातालांत’. व्हिगोने तो १९३४ साली केला आणि त्याच वर्षी, वयाच्या २९व्या वर्षी, तो वारला. छायालेखन बोरिस कॉफमनचं, ज्याला पुढे ‘ऑन द वॉटरफ्रंट’साठी ऑस्कर मिळालं. वितरकांनी चित्रपट कापून, त्यात एक लोकप्रिय गाणं घुसवून, नावही बदललं होतं. जवळपास मूळ रूपात तो १९९०च्या दुरुस्त प्रतीत परत आला. म्हणून बघण्याआधी लांबी तपासा. साधारण ८९ मिनिटांची प्रत घ्या. ६५च्या आसपास असेल तर ती कापलेली आहे, ती बाजूला ठेवा. मग ‘ल के दे ब्र्यूम’, त्यानंतर ‘ल जूर स लेव्ह’. रेन्वारचा ‘ला बेत युमेन’ (१९३८) लोकलने रोज ये-जा करणाऱ्याने मोठ्या पडद्यावरच पाहावा. पॅरिस–ल हाव्र मार्गावर गाबँ इंजिन चालवतो त्या सुरुवातीच्या मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीत. ड्रायव्हर आणि फायरमन खुणांनी बोलतात, कारण इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही.